‘सुटला’ आणि ‘निर्दोष’ : दोषमुक्तीवरील अपिलाच्या भाषेची चिकित्सा

१

परभणी तालुक्यातील झरी हे गाव परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. काही वर्षांपूर्वी बोलीतील शब्दांचा संग्रह करण्याच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाचे तेथे जाणे झाले. औतफाट्याची नावे, पिकांची नावे, नातेवाचक शब्द असा क्रम चालला असता, बाजूला बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने आपल्यालाही एक शब्द विचारावयाचा आहे असे सांगितले व खिशातून वर्तमानपत्राचे घडी घातलेले कात्रण काढले. सासरी मृत्यू पावलेल्या त्याच्या मुलीच्या खटल्याची ती बातमी होती. जावयाची ‘निर्दोष मुक्तता’ झाल्याचे तीत म्हटले होते. वृद्धाचा प्रश्न असा होता : “सर, कोर्टानं त्याला निर्दोष ठरविलं म्हून छापून आलंय. मंग आमच्या लेकीचंच चुकलं व्हतं का?”

त्या वेळी वहीत ‘म्हून’ या अव्ययाची नोंद झाली; प्रश्नाची झाली नाही. कात्रण जेमतेम सव्वा महिन्याचे होते, म्हणजे त्या निकालावर अपील होण्यास कायद्याने दिलेली मुदत अद्याप संपलेली नव्हती. परंतु ज्याला न्यायालयाने निर्दोष ठरविले त्याच्याविरुद्ध पुन्हा कोठे जावयाचे असते, ही कल्पनाच त्या वृद्धाला नव्हती, आणि ती नसण्याचे कारण त्याचे अज्ञान नसून आपण सर्वांनी वापरात ठेवलेला एक शब्द हे होते. त्या शब्दाची चिकित्सा करणे, आणि मराठवाड्यातीलच एका प्रत्यक्ष खटल्याच्या आधारे दोषमुक्तीवरील अपील म्हणजे काय हे पाहणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

२

‘निर्दोष’ हा बहुव्रीही समास आहे. ज्याच्या ठिकाणी दोष नाही तो निर्दोष, असा त्याचा विग्रह होतो. तो व्यक्तीचे विशेषण होतो व त्या व्यक्तीच्या ठिकाणी असलेल्या एका गुणाचे विधान करतो. ‘दोषमुक्ती’ हा विधिभाषेत रूढ केलेला शब्द तत्पुरुष आहे. त्यात निदान मुक्त करण्याची क्रिया व ती करणारा कोणी तरी सूचित होतो. तथापि मुक्त व्हावयास आधी दोष असावा लागतो, ही अडचण त्यातही आहेच. इंग्रजीतील ‘अ‍ॅक्विट’ हा शब्द फ्रेंचमधून आला, व त्याच्या मुळाशी देणे फेडून मोकळे होण्याची कल्पना आहे. मनुष्य सज्जन आहे की दुर्जन, याविषयी तो काही बोलत नाही.

याउलट झरीसारख्या गावातील माणूस स्वतःच्या बोलीत या प्रसंगी ‘तो सुटला’ असे म्हणतो. ‘सुटणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. गाठ सुटते, दावे सुटते, गाडी सुटते. सुटलेली वस्तू चांगली की वाईट याचे विधान त्यात नाही. बंधन उरले नाही एवढेच त्यात आहे. कायद्याच्या दृष्टीने दोषमुक्तीच्या निकालाने जे घडते त्याचे वर्णन या साध्या क्रियापदाने अधिक अचूकपणे होते. शिकलेल्यांनी वर्तमानपत्रातून बोलीला जो शब्द पुरविला, त्याने ही अचूकता घालविली. त्याहून विलक्षण म्हणजे ‘पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता’ हा शब्दप्रयोग. पुराव्याच्या अभावी एखादी गोष्ट सिद्ध होत नाही हे समजण्यासारखे आहे. पुराव्याच्या अभावी दोषाचा अभाव कसा सिद्ध होतो, हे तर्काला उमगणारे नाही.

भारतीय पुरावा अधिनियमाच्या १८७२ मधील रचनेत याबाबत संदिग्धता नव्हती. त्याच्या तिसऱ्या कलमाने वस्तुस्थितीच्या दोन नव्हे, तर तीन अवस्था मानल्या : शाबीत, नाशाबीत, आणि शाबीत न झालेली. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या दुसऱ्या कलमातही हेच त्रैविध्य कायम आहे. खून या पतीने केला नाही असे दाखवून दिले गेले, तर तो आरोप नाशाबीत झाला. त्यानेच केला असे संशयापलीकडे ठरले नाही, तर तो शाबीत झाला नाही. दोन्ही प्रसंगी आरोपी सुटतो, पण दोन्ही प्रसंगी न्यायालयाने एकच गोष्ट सांगितलेली नसते. कायद्याची ही तीन पदे आपली मराठी दोनांत बसविते, आणि मधल्या पदाचे माप तिसऱ्याच्या पदरात घालते.

येथे एक आक्षेप संभवतो. सुटलेला मनुष्य कायद्याने निरपराधच मानला जातो, तेव्हा त्याला निर्दोष म्हणण्यात चूक काय? आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. खटल्याच्या आरंभी प्रत्येक आरोपी निरपराध आहे असे गृहीत धरले जाते, आणि दोषमुक्तीने ते गृहीतक अधिक बळकट होते. मात्र गृहीतक व निष्कर्ष या दोन भिन्न कोटी आहेत. न्यायालय दोषमुक्तीच्या निकालात आरंभीचे गृहीतक कायम ठेवते. सामान्यतः त्याचे सत्यात रूपांतर करीत नाही. ‘निर्दोष ठरविले’ या वाक्यातील ‘ठरविले’ हे क्रियापद मात्र नेमके तेच सांगते.

३

दोषमुक्तीवर अपील ही आपल्या कायद्यातील एक विशेष तरतूद आहे. इंग्लंडच्या परंपरेत ज्यूरीने सोडलेल्या आरोपीविरुद्ध सरकारला सहसा अपील करता येत नसे. अमेरिकेत आजही ते करता येत नाही. भारतात १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४१७ व्या कलमाने, नंतर १९७३ च्या संहितेच्या ३७८ व्या कलमाने, व आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४१९ व्या कलमाने राज्याला हा अधिकार दिलेला आहे. सत्र न्यायालयाच्या दोषमुक्तीविरुद्ध राज्य उच्च न्यायालयात जाते. त्यासाठी उच्च न्यायालयाची अनुमती लागते, व अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. उच्च न्यायालयाने दोषमुक्ती फिरवून जन्मठेप किंवा त्याहून मोठी शिक्षा दिली, तर आरोपीला सर्वोच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क आपोआप मिळतो.

मृत व्यक्तीच्या आईबापांना मात्र फार काळ या व्यवस्थेत स्वतंत्र स्थान नव्हते. ते फेरतपासणीचा अर्ज करू शकत. पण त्या अर्जावर उच्च न्यायालयाला दोषमुक्तीचे रूपांतर दोषसिद्धीत करता येत नसे. ३१ डिसेंबर २००९ पासून ही स्थिती बदलली. संहितेच्या ३७२ व्या कलमाला जोडलेल्या परंतुकाने पीडित व्यक्तीला, आणि तिच्या वारसांना, दोषमुक्तीवर स्वतः अपील करण्याचा अधिकार दिला. हेच परंतुक आज नव्या संहितेच्या ४१३ व्या कलमात आहे. या अपिलासाठी आधी अनुमती मागण्याची आवश्यकता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मल्लिकार्जुन कोडगली विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणी १२ ऑक्टोबर २०१८ रोजी बहुमताने ठरविले.

अपिलात न्यायालय काय पाहते? प्रिव्ही कौन्सिलने १९३४ मध्ये शिवस्वरूप प्रकरणात सांगितले की, संपूर्ण पुरावा नव्याने तपासण्याचा अधिकार अपील न्यायालयाला आहे. मात्र साक्षीदारांना प्रत्यक्ष पाहिलेल्या न्यायाधीशाचे मत, निरपराधित्वाचे गृहीतक, व संशयाचा फायदा मिळण्याचा आरोपीचा हक्क यांना योग्य वजन दिले पाहिजे. २००७ मध्ये चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात हीच तत्त्वे नव्याने मांडली गेली : पुराव्यावरून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील, तर दोषमुक्ती ढळवू नये. म्हणजे अपिलातला प्रश्न ‘हा निर्दोष आहे की दोषी’ असा नसून, ‘आरोप शाबीत झाला नाही असे म्हणणे या पुराव्यावर वाजवीपणे शक्य होते काय’ असा असतो. ‘निर्दोष’ या शब्दाने हा प्रश्न उच्चारताच येत नाही. निर्दोषाविरुद्ध अपील म्हणजे सूडच, असा ग्रह त्यामुळे गावात होतो, आणि मृत मुलीचा बापही तोच ग्रह करून घेतो.

४

आता प्रत्यक्ष खटल्याकडे वळू. परभणीला लागून असलेल्या नांदेड जिल्ह्यातील किक्की या गावी ४ नोव्हेंबर १९९६ रोजी एका विवाहितेचा सासरी मृत्यू झाला. लग्नाला सुमारे सात वर्षे झाली होती. माहेरहून पैसे आणण्यासाठी तिचा छळ होत असे, असे तिच्या आईवडिलांचे म्हणणे होते. माहेरी निरोप गेला तो साप चावून मृत्यू झाल्याचा. शवविच्छेदनात मात्र मृत्यू गळा दाबल्याने, श्वास कोंडून झाल्याचे दिसून आले. सत्र न्यायालयाने पतीला खुनाच्या आरोपातून मुक्त केले. राज्याने अपील केले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ती दोषमुक्ती रद्द करून त्याला जन्मठेप दिली. त्याने केलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २००६ रोजी फेटाळले. त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने हा निकाल विधिग्रंथांत प्रसिद्ध आहे, व घरात घडलेल्या खुनाच्या खटल्यांत तो वारंवार आधारास घेतला जातो.

या निकालपत्राचे सामर्थ्य कशात आहे? घराच्या चार भिंतींत, गुप्तपणे घडलेल्या गुन्ह्याला साक्षीदार कोठून मिळणार, हा प्रश्न त्याने सरळ विचारला. जो पुरावा देणे जवळजवळ अशक्य आहे तो देण्याचे कर्तव्य कायदा अभियोगपक्षावर लादीत नाही, असे त्याने म्हटले. आरंभीचा भार अभियोगपक्षावरच राहतो. परंतु घरातील माणसांना जे विशेषेकरून ठाऊक आहे, ते सांगण्याची जबाबदारी पुरावा अधिनियमाच्या १०६ व्या कलमाने त्यांच्यावर येते. ते गप्प बसून मोकळे होऊ शकत नाहीत, आणि त्यांनी दिलेले स्पष्टीकरण खोटे ठरले तर परिस्थितीच्या साखळीत तो आणखी एक दुवा होतो. नव्या अधिनियमात या कलमाचा क्रमांक १०९ आहे.

भाषेच्या अभ्यासकाला यात विशेष लक्षणीय वाटते ते असे की, या खटल्यात न्यायालयाने मौन व असत्य या दोन्ही गोष्टी उक्ती म्हणून वाचल्या. मृत व्यक्ती बोलू शकत नाही. घरात बोलू शकणारे जे उरतात त्यांच्या बोलण्याला, आणि न बोलण्यालाही, अर्थ असतो. आपल्या खेड्यांत सापाचे नाव घेण्याचे टाळतात. ‘पान लागलं’, ‘जनावर चावलं’ असे म्हणतात. ऐकणारा पुढे प्रश्न विचारीत नाही, कारण त्या शब्दांतच दैवाधीन मरणाची कबुली असते. निरोपाचे इंग्रजी भाषांतर ‘सर्पदंश’ एवढेच होते. परंतु गावात असा निरोप विचारपूस थांबविणारा असतो. आईबाप त्यावर न थांबता गळ्यापाशी पाहतात, हेच अशा खटल्याचे खरे आरंभस्थान होय.

५

मात्र या निकालाची प्रशंसा करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. सासरी सून मेली की पतीने उत्तर द्यावे, न दिले तर तो खुनी, असा नियम या निकालातून काढणे हा त्याचा विपर्यास होईल. १०६ व्या कलमाचा इतका व्यापक अर्थ लावू नये, ते अभियोगपक्षाला त्याच्या मूळ भारातून मुक्त करीत नाही, असे न्यायमूर्ती विवियन बोस यांनी शंभूनाथ मेहरा प्रकरणात १९५६ मध्येच बजावले होते. किक्कीच्या खटल्यात मृत्यू गळा दाबून झाला हे वैद्यकीय पुराव्याने आधी उभे राहिले. नंतर मौनाला अर्थ आला. हा क्रम उलटा करता येत नाही.

याच्या शेजारी पुण्याचा एक खटला ठेवून पाहावा. जून १९८२ मध्ये, लग्नानंतर चारच महिन्यांनी, एका विवाहितेचा सायनाइडच्या विषाने मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने पतीला मृत्युदंड दिला, उच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै १९८४ रोजी त्याची मुक्तता केली. मृत तरुणीने बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेली पत्रे न्यायालयापुढे होती. त्या पत्रांत भय वाचावे की निराशा, खुनाची चाहूल वाचावी की आत्महत्येची, या प्रश्नाभोवती खटला फिरला. दोन अर्थ संभवतात तेव्हा आरोपीला अनुकूल अर्थ घ्यावा, असे ठरले. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे सांगताना त्या इंग्रजी निकालपत्राने ‘पंचशील’ हा आपला शब्द योजिला.

त्या पाचांतील पहिल्या तत्त्वाला आधार मिळाला तो १९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाचा. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यात ‘मे बी’ आणि ‘मस्ट बी’ यांतील अंतर मोठे आहे असे सांगितले होते. तो निकालही दोषमुक्ती फिरविल्यानंतरच्या अपिलातलाच होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आता मराठीचा प्रश्न असा की, हे अंतर आपण कोणत्या रूपांनी मोजतो? ‘त्याने मारले असेल’ ही शक्यता झाली. ‘त्यानेच मारलेले असले पाहिजे’ हा तर्काने आलेला निश्चय झाला. या दोहोंमध्ये मराठीला एक तिसरे रूप आहे : ‘त्याने मारले असावे’. ‘असावे’ यात शक्यतेहून अधिक व निश्चयाहून कमी असे अनुमान असते. ‘तो घरी असावा’ याचे इंग्रजी करताना भाषांतरकार सहजपणे ‘मस्ट बी’ लिहितो, आणि त्या भाषेपुरते ते चूक नाही. परंतु साक्षीदाराच्या तोंडचे संशयाचे ‘असावे’ कागदावर उतरताना सिद्धतेचे ‘मस्ट’ झाले, तर आरोपीवर अन्याय होतो. आणि तेच ‘असावे’ नुसते ‘मे’ झाले, तर मृत व्यक्तीवर.

उलट बाजूनेही हीच हानी होते. माहेरी आलेली मुलगी आईशी बोलते ते ‘सासुरवास’, ‘जाच’, ‘छळ’, ‘मारहाण’ या चढत्या श्रेणीतल्या शब्दांनी. ‘सासुरवास’ हा नशिबाचा भाग मानून सोसावयाचा असतो; ‘जाच’ नित्याचा असतो; ‘छळ’ म्हटले की त्यात हेतू आला. इंग्रजीत हे चारही शब्द पुष्कळदा ‘वाईट वागणूक’ या अर्थाच्या एकाच पदात विसावतात. सत्र न्यायालयात साक्षीदार मराठीत बोलतो व न्यायाधीश ते कानांनी ऐकतो. उच्च व सर्वोच्च न्यायालयांची भाषा राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे इंग्रजी आहे. दिल्लीला जाणाऱ्या मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. साक्षीदाराला पाहिलेल्या न्यायाधीशाच्या मताला वजन द्यावे हे तत्त्व जितके योग्य, तितकेच हेही आवश्यक की, अपिलात मूळ मराठी जबानी शब्दशः वाचली जावी. अपील न्यायालय व साक्षीदार यांच्यामध्ये कागदाचा एक पडदा असतोच. भाषांतराचा दुसरा पडदा शक्य तितका पातळ ठेवणे, हे आमच्यासारख्या विभागांचे काम आहे.

६

शेवटी, ‘निर्दोष’ऐवजी कोणता शब्द वापरावा? येथे सावधपणा हवा. स्कॉटलंडच्या न्यायपद्धतीत ‘दोषी’ व ‘दोषी नाही’ यांच्या जोडीला ‘शाबीत नाही’ असा तिसरा निर्णय शतकानुशतके होता. त्याने सुटलेल्या मनुष्यावर कायमचा डाग राही आणि मृतांच्या नातलगांचेही समाधान होत नसे, अशी टीका झाली. २०२५ मध्ये तेथील संसदेने तो रद्द करण्याचा कायदा संमत केला. आपल्या संहितेलाही दोषमुक्तीचे दोन दर्जे मान्य नाहीत. ‘सन्मानपूर्वक मुक्तता’ हा शब्द न्यायालयीन निर्णयांतून आला असून संहितेत त्याची व्याख्या नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नमूद केले. म्हणून सुटलेल्यांच्या दोन जाती कराव्यात असे आमचे म्हणणे नाही. खऱ्या निरपराध माणसाला कमी मापाने मोजणारा शब्द हा तितकाच वाईट शब्द होय.

आमची सूचना एवढीच की, वर्णन व्यक्तीचे न करता आरोपाचे करावे. ‘आरोप शाबीत न झाल्याने सुटका’ या वाक्यात आरोपीच्या चारित्र्याविषयी काही नाही, मृत स्त्रीच्या सत्यतेविषयी काही नाही, आणि पुढे अपिलाला वाव आहे की नाही हा प्रश्न खुला राहतो. ‘निर्दोष’ हा शब्द, जेथे न्यायालयाने खरोखरच आरोप नाशाबीत ठरविला असेल, तेथे राखून ठेवावा. तेथे तो त्या माणसाचा हक्क आहे. निकाल समजावून सांगणाऱ्या वकिलांनी, वार्ताहरांनी व शिक्षकांनी एवढे पथ्य पाळले, तरी पुष्कळ होईल.

झरीच्या त्या वृद्धाला द्यावयाचे उत्तर त्या दिवशी राहून गेले. ते असे होते : कोर्टाने तुमच्या लेकीविषयी काहीच म्हटलेले नाही. जावयाविषयीही, त्याने हे केले नाही, असे म्हटल्याचे या एका शब्दावरून समजू नका. आरोप शाबीत झाला नाही म्हणून तो सुटला, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो. निकालाची नक्कल मागवा, ती कोणाकडून तरी नीट वाचून घ्या, आणि सरकारी वकिलांना भेटा. खंडपीठात अपील सरकारही करू शकते, तुम्हीही करू शकता. तेथेही तो सुटेल किंवा सुटणार नाही. परंतु लेक चुकली की नाही हा प्रश्न त्या कात्रणात नव्हता. तो आमच्या शब्दाने तुमच्या मनात घातला.